रोज केसाएवढं

या, असे जवळ येऊन बसा. पंख्याखाली जागा आहे म्हणून तिकडे बसू नका, माझा आवाज आता तिथवर पोचत नाही. गोष्ट सांगतो एक. कीर्तनाची आहे, पण कुठल्या बुवांनी कीर्तनात सांगितलेली नाही, आणि मी नाही सांगितली तर यापुढे सांगणारा कुणी उरलेला नाही.

त्रिपुरी पौर्णिमेची संध्याकाळ होती. आमच्या नरसिंहाच्या देवळात दीपमाळ पेटली होती, सभामंडप भरला होता आणि नरहरबुवा आष्टेकर उभे होते. मी पेटीवर. दिवसा शाळेत पोरांना गणित शिकवायचं आणि उत्सवाला बुवांच्या डाव्या हाताला पेटी घेऊन बसायचं, असा माझा कित्येक वर्षांचा क्रम. बुवांनी अभंगाचं चरण वर नेलं, तारषड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, हात उंचावला, आणि तोंड उघडं असताना आवाज गेला. फाटला वगैरे नाही. गेलाच. मी पेटीवर तो सूर धरून ठेवला, लोकांना वाटलं बुवा भावात रंगलेत. मग बुवांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. नदीत उभं असताना पायाखालची वाळू सरकली की माणूस काठावरच्याकडे पाहतो ना, तशी.

मिरजेच्या डॉक्टरांनी घसा तपासला. स्वरयंत्रावर गाठी आल्यात म्हणाले. महिनाभर अक्षर बोलायचं नाही. नंतर गायचं तर पट्टी खाली आणून गायचं. त्याच उंच पट्टीत गायलात, तर गाणं सोडा, बायकोशी भांडायलाही आवाज उरणार नाही. डॉक्टर विनोदी होते. बुवा हसले नाहीत.

आता ही पट्टीची भानगड तुम्हाला सांगायला हवी. आमच्या देवळात सभामंडपाच्या तोंडाशी एक मोठी पंचधातूची घंटा आहे. रोजच्याला छोट्या घंटा वाजतात. मोठी वाजते ती वर्षातल्या दोन उत्सवांना, त्रिपुरीला आणि नरसिंह जयंतीला. एक टोला कीर्तनाच्या आरंभी आणि एक शेवटी. रीत अशी की, आरंभीच्या टोल्याचा नाद विरायच्या आत बुवांनी त्याच सुरात आपला षड्ज मिसळायचा. ही रीत घातली बुवांच्या वडिलांनी, थोरल्या बुवांनी. घंटेचा सूर पेटीवर पाहिला तर काळी चार, म्हणजे पुरुषाच्या गळ्याला भलताच उंच. थोरल्या बुवांचा गळाच तसा होता. नरहरबुवांचा तसा नव्हता. त्यांनी तो तसा केला होता, आणि जन्मभर तो तसा ठेवण्यासाठी झगडत होते.

महिन्याचं मौन संपल्यावर बुवा पहिलं वाक्य बोलले ते माझ्यासमोरच. म्हणाले, "मास्तर, घंटेचा सूर सोडून मला त्या मंडपात उभं राहायचं नाही. त्यापेक्षा झांजा देवाच्या पायाशी ठेवून मोकळा होतो."

बुवांच्या पत्नी, वेणूवहिनी, शेजारी बसून वाती वळत होत्या.

वहिनींबद्दल दोन शब्द सांगतो. माहेर मिरजेचं, तंतुवाद्यं घडवणाऱ्यांच्या गल्लीला लागून. लहानपणी झोपेतून उठायच्या त्या सुद्धा कुणीतरी तार जुळवत असल्याच्या आवाजानं, असं सांगायच्या. गाणं त्यांनी कधी गायलं नाही. पण बुवांच्या घरातला तंबोरा लावायच्या त्या. बुवांना तेवढा धीर नव्हता. बुवांना कशालाच धीर नव्हता. कीर्तनाच्या दिवशी सकाळपासून पोटात अन्न नाही, नुसता चहा. कीर्तन झालं की भज्यांचं ताट आणि मध्यरात्रीपर्यंत गप्पा. दुसऱ्या दिवशी उन्हं अंगावर येईपर्यंत झोप. मनात आलं तर पहाटे तीन तास रियाज, नाही आलं तर पंधरवडाभर तंबोऱ्याची गवसणी निघायची नाही. लोकांना ते थोर वाटायचं. कलावंत माणूस म्हणायचे. मलाही वाटायचं.

मौनानंतर वहिनींनी बुवांना एकच गोष्ट सांगितली. सकाळी चहाच्या आधी कोमट पाणी प्यायचं. बस. मी म्हटलं, "वहिनी, एवढ्यानं काय होणार?" त्या म्हणाल्या, "काही होणार नाही. पण पितील."

बुवा पाणी प्यायला लागले. ते अंगवळणी पडलं तेव्हा पाण्यात मीठ आलं आणि गुळण्या आल्या. गुळण्या तुळशीपाशी करायच्या, म्हणून अंगणात जाणं आलं. अंगणात गेलेल्या माणसाला वहिनी म्हणाल्या, घाटापर्यंत जाऊन नदीला नमस्कार करून या. बुवा कुरकुरले. नदी काय पळून चाललीये, म्हणाले. पण गेले. परत येईपर्यंत तंबोरा लावून तयार असायचा. वहिनी तो छेडत बसायच्या आणि बुवांनी खर्जात, अगदी हलक्या आवाजात, नुसता 'सा' धरायचा. थोडाच वेळ. वाढवायला लागले की वहिनी तंबोरा आडवा ठेवून उठायच्या, कारण भाताला आधण आलेलं असायचं. जेवण वेळेवर, दुपारी डुलकी, रात्रीचं जेवण दिवे लागताना. एक गोष्ट मुरल्याशिवाय वहिनी दुसरीचं नाव काढायच्या नाहीत.

बुवांनी बंड केलं नाही असं नाही. एकदा संक्रांतीच्या सुमारास माझ्या घरी येऊन त्यांनी गुपचूप भजी मागितली. माझ्या बायकोनं दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी काही विचारलं नाही, फक्त गुळण्यांचं पाणी दुप्पट ठेवलं. बुवा मला म्हणाले, "मास्तर, ही बाई बोलली असती तर मी भांडलो असतो. ही पाणी ठेवते."

दोन गोष्टी त्या दिवसांत अशा घडल्या की ज्यांचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

पहिली म्हणजे वहिनींनी माझी पेटी त्यांच्या घरातून हलवली. एरवी ती बुवांच्याच ओटीवर असायची. म्हणाल्या, भावजी, ही घेऊन जा, बुवांनी विचारलं तर भात्याला उंदीर लागले म्हणून दुरुस्तीला दिली सांगा. मी कारण विचारलं. म्हणाल्या, पेटी दिसली की यांचा गळा तिच्यामागे धावतो. काही दिवस तंबोऱ्याच्या सोबतीनं चालू दे. मला ते पटलं. सकाळी माझी शाळा असायची, त्यामुळे त्यांचा रियाज कानांवर पडायचा प्रश्नच नव्हता. मी संध्याकाळी चहाला जायचो, तेव्हा तंबोरा गवसणीत आणि बुवा अंगणात.

दुसरी गोष्ट, माघात मी मिरजेला निघालो होतो तेव्हा वहिनींनी तंबोऱ्याच्या तारा आणायला सांगितल्या. जुन्या गंजल्यात म्हणाल्या. आणि जाताना हळूच, "नेहमीपेक्षा जाड आणा हं." दुकानदारानं विचारलं, कोणत्या पट्टीसाठी? मी म्हटलं, आष्टेकरबुवांचा तंबोरा आहे, जाड द्या. त्यानं माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं आणि दिल्या.

फाल्गुनात बुवांच्या चेहऱ्यावर तेज आलं. आवाज लागायला लागला होता. चैत्रात तर मला वाटेत गाठून म्हणाले, "मास्तर, गळा उघडला. तारषड्ज असा लागतोय की हात उचलायची गरज नाही. वडिलांचा आशीर्वाद." गावात बातमी पसरली. देवस्थानचे पंच गुंडोपंत हे बुवांवर प्रेम करणारे, पण जिभेला तिखट. ते म्हणाले, "लागतोय तर लागू दे. नाहीतर सातारच्या एका बुवांना मी विचारून ठेवलंय. देवाचा जन्म काही घसा बसला म्हणून थांबत नाही." बुवांनी ऐकलं आणि नुसतं हसले. पूर्वीचे बुवा दोन दिवस जेवले नसते.

नरसिंह जयंतीचा दिवस उजाडला. नरसिंहाचा जन्म सूर्यास्ताचा, त्यामुळे कीर्तन दुपार कलल्यावर उभं राहतं आणि सूर्य टेकायच्या वेळी खांब फुटतो. मी जेवून पेटी पुसत बसलो होतो, तोच वेणूवहिनी आल्या. हातात फुलांची परडी होती. देवळात चालले होते, म्हणून डोकावले, म्हणाल्या. बसल्या नाहीत.

"भावजी, आज काळी चारवर स्वर द्यायचा नाही."

"मग?"

"काळी दोन."

मी पेटी पुसायचा थांबलो. काळी दोन म्हणजे घंटेपासून बरंच खाली. मला आधी वाटलं, वहिनींचा काही घोटाळा होतोय. मग जाड तारा आठवल्या, त्या खालच्या सुरालाच लागतात. भात्याचे उंदीर आठवले. दुकानदाराची नजर आठवली.

"बुवा काळी दोनला गातायत?"

"हो."

"आणि त्यांना माहीत नाही?"

"मी रोज खुंटी फिरवून तंबोरा केसाएवढा खाली लावत आले. एका दिवसात कळण्याइतका कधीच नाही." त्यांनी परडीतली फुलं उगाच सारखी केली. "त्यांना वाटतंय गळा वर गेला. गळा होता तिथंच आहे, भावजी. मी जमीन खाली आणली."

मी विचारलं, "आणि घंटा? टोला पडला की सगळं उघडं पडेल."

याचाही त्यांनी विचार केलेला होता. काळी दोनला 'सा' धरला तर घंटेचा सूर मध्यम होतो, सारेगम मधला 'म'. "घंटा वाजली की तुम्ही तिच्याबरोबर मध्यमावर बोट ठेवा आणि अलगद खाली षड्जावर या. कानाला वाईट लागणार नाही. लोकांना कळणार नाही."

"आणि बुवांना?"

"त्यांना कळेल. त्यांचा गळा गेला होता, कान नव्हे."

"वहिनी, भर मंडपात कळेल. तेव्हा ते जुन्या सुराला गेले तर आवाज कायमचा जाईल. थांबले तर पुन्हा उभे राहणार नाहीत. आजच सांगून टाका त्यांना."

"आज सांगितलं तर ते देवळात पाऊलच टाकणार नाहीत." परडी उचलत म्हणाल्या, "मी त्यांच्या वडिलांचा सूर काढून घेतलाय. पाप असेल तर माझ्याकडे. तुम्ही फक्त काळी दोनवर बोट ठेवा."

त्या गेल्या. मी देवाला नमस्कार केला आणि काय मागावं ते न सुचून नुसता बसून राहिलो.

सभामंडप खच्चून भरला होता. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. तंबोऱ्यावर देवळातले गुरव दत्तोबा. तंबोरा घरूनच लावून आणला होता. बुवा आले. पांढरं शुभ्र धोतर, उपरणं, कपाळाला गंध, आणि चालण्यात अशी स्थिरता की मी त्यांना ओळखलं नसतं. त्यांनी देवाला नमस्कार केला, मला पाहून मान हलवली. म्हणाले, "उंदरांनी पेटी सोडली म्हणायची."

गुंडोपंतांनी घंटेचा टोला दिला.

तो नाद मंडपात भरला. मी मध्यमावर बोट ठेवलं आणि अलगद षड्जावर उतरलो. मागे तंबोरा त्याच षड्जावर चालला होता. बुवांनी तोंड उघडलं आणि सूर लावला नाही.

त्यांनी घंटेकडे पाहिलं. मग मागे वळून तंबोऱ्याकडे. मग खाली, माझ्या बोटांकडे. काळी दोनवरचं बोट मी उचललं नाही. घंटेचा नाद विरत चालला होता. शेवटी बुवांनी डावीकडे, बायकांत पाहिलं. वहिनी खाली मान घालून वाती वळत होत्या. कीर्तनात वाती वळणारी बाई मी त्याआधी पाहिली नाही, नंतरही नाही.

गुंडोपंतांनी मोठ्यानं विचारलं, "काय बुवा, घंटा चुकली का?"

काही जण हसले. बुवांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला, आणि मग त्यावर काहीच उरलं नाही. मला वाटलं, संपलं. मी डोळे मिटले.

"घंटा आपल्या जागेवर आहे, गुंडोपंत," बुवा म्हणाले. "आज मी माझ्या जागेवर उभा राहून पाहतो."

आणि त्यांनी काळी दोनला षड्ज लावला.

कसा लागला, ते मला सांगता येणार नाही. इतकंच सांगतो, की इतकी वर्षं त्यांच्या सोबत बसून मी त्यांचा सूर ऐकला होता आणि आवाज ऐकलाच नव्हता. तो त्या दिवशी ऐकला. रुंद, भरलेला, कुठंही न ताणलेला. वर घंटेचा उरलासुरला नाद मध्यम होऊन तरंगत होता.

पूर्वरंग झाला. मध्यंतराला रीतीप्रमाणे गुंडोपंत हार आणि बुक्क्याची वाटी घेऊन पुढे आले. बुवांच्या गळ्यात हार पडला, कपाळाला बुक्का लागला. मग बुवांनी स्वतः वाटीतून चिमूटभर बुक्का घेतला, मागे गेले, आणि वाकून तंबोऱ्याच्या खुंटीला लावला. भोपळ्याला नाही, तारांना नाही. खुंटीला. लोकांनी वाद्याला नमस्कार समजून हात जोडले. बायकांत एकीनं पदर डोळ्यांना लावला, तो का, हे मंडपात तिघांनाच माहीत होतं.

उत्तररंगाला प्रल्हादाचं आख्यान. दरवर्षी बुवा खांब फुटण्याच्या जागेला अशी गर्जना करायचे की पोरं रडायची. सगळे त्या गर्जनेची वाट पाहत होते. बुवा त्या वर्षी तिकडे घाईनं गेलेच नाहीत. प्रल्हादाच्या घरातच रमले.

म्हणाले, "एवढासा पोर. बापाशी भांडला का? नाही. राजवाडा पेटवला का? नाही. रोज उठून नाव घेत होता. रोज, केसाएवढं. आज दारापाशी, उद्या जेवणाच्या पानापाशी. हिरण्यकश्यपू बसलाय सिंहासनावर, मिशीला पीळ देत, की माझंच राज्य, माझाच आवाज सगळ्यांत उंच. आणि मंडळी, त्याला कळलंच नाही, की घर कधी दुसऱ्याचं झालं."

मग डावीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अशी माणसं घरात असतात. गुळण्यांचं पाणी ठेवतात."

गावाला बुवांचा नवा दिनक्रम ठाऊक होता. मंडप हसला. वहिनींनी मान आणखी खाली घातली.

सूर्य टेकला. बुवा खांबाशी आले आणि आवाज इतका खाली नेला की लोक पुढे सरकले. खांब फुटला तो त्यांनी सांगितलाच नाही. म्हणाले, "देव आला. आणि कुठं बसला? आत नाही. बाहेर नाही. वर नाही, खाली नाही. उंबऱ्यावर बसला." तेवढ्यात समाप्तीचा टोला पडला. बुवांनी तो येऊ दिला, त्याच्याखाली आपला षड्ज ठेवला आणि नाद पूर्ण विरेपर्यंत हलले नाहीत. पोरं रडली नाहीत. म्हातारी माणसं रडली, गुंडोपंत धरून.

प्रसाद वाटून झाल्यावर मी पेटी पोचवायला बुवांच्या घरी गेलो. आता ती लपवायचं कारण नव्हतं. बुवा ओटीवर पाय धुऊन बसले होते. वहिनी आतून भात घेऊन आल्या.

बुवांनी ताट पुढे ओढलं. पहिला घास घेण्याआधी, वर न पाहता त्यांनी विचारलं, "उद्या आणखी किती खाली आणणार आहेस?"

वहिनी तुपाची वाटी ठेवत म्हणाल्या, "आता नाही. आता तुम्ही मांडी घालून बसल्यासारखे गाता."

बुवा जेवले. भात वेळेवर, तूप बेताचं. मला म्हणाले, "मास्तर, उद्या सकाळी शाळेआधी या. घाटावर जाऊन येऊ."

पुढे बुवा कितीतरी वर्षं त्याच मंडपात उभे राहिले. शेवटचं कीर्तन झालं तेव्हाही आवाज भरलेला होता. वहिनी त्यांच्या आधी गेल्या. त्यानंतर तंबोरा बुवा स्वतः लावायचे, रोज, पाणी पिऊन आणि घाटावर जाऊन आल्यावर. लावून झाला की खुंटीला बोट टेकवून कपाळाला लावायचे. त्याबद्दल कुणी विचारलं तर सांगायचे नाहीत, म्हणून मी सांगितलं.

आता उठा, दिवे लागायची वेळ झाली. एवढंच करा माझ्यासाठी. कधी कीर्तनाला लवकर गेलात आणि कुणी तंबोरा लावत असेल, तर गप्पा थांबवा जरा. खुंटी फिरताना बारीक कुरकुरते, ती ऐका. आणि ऐकलीत की आष्टेकरांच्या वेणूवहिनींची आठवण काढा.